बत्तीस पावलं

टप्, टप्. चपलांचे दोन तळवे एकमेकांवर आपटल्याचा तो कोरडा, आखूड आवाज आला की समजायचं, आत्या बांधावर पोचली. कार्तिकातली कलती उन्हं, ओल्या वाफ्यांत लवणारी कांद्याची रोपं, पाटातून रेंगाळत चाललेलं पाणी, आणि त्या सगळ्या ओल्या निःशब्दतेत हा एवढाच आवाज. आधी ती उजवी चप्पल काढायची, मग डावी. दोन्ही हातांत धरून तळव्याला तळवा मारायची, रस्त्याची धूळ रस्त्यावरच झाडून टाकायची आणि चपला बांधाकडेला ठेवून अनवाणी रानात उतरायची. रानात पायात घालून जाऊ नये, असं तिनं कधी कुणाला बजावलं नाही. ती काढायची, आणि मागून येणारे आम्ही आपोआप काढायचो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. उंच, सडसडीत, सावळी. चालताना मान ताठ आणि नजर मात्र सतत पावलांपुढच्या हातभर जमिनीवर. तिला पिंपरी पेंढारला दिलेली, आणि आमचं रान कळंबच्या शिवारात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. दर भाऊबीजेला ती सकाळच्या एसटीनं यायची. अण्णांना ओवाळायची, जेवायची, आईच्या हातातली भांडी हिसकावून घासून टाकायची, आणि उन्हं कलली की पदराच्या टोकाला दोन बेसनलाडू गाठ मारून बांधायची. मग कुणाला काही न सांगता रानाकडे निघायची, नि तिच्यामागून मी.

विहिरीपाशी ती थांबायची. तिथल्या काठाच्या एका दगडाला मोटेच्या सोंदरानं, दोरानं, घासून पडलेली खोल खाच होती. त्या खाचेत अंगठा घालून क्षणभर उभी राहायची आणि मग पूर्वेला तोंड करून बांधाबांधानं चालू लागायची. ओठ हलायचे. एक, दोन, तीन. बत्तिसाव्या पावलाला करंजाचं झाड यायचं. झाड तर विहिरीवरूनच दिसायचं, मोजायची गरजच काय, हा प्रश्न मला कधी पडला नाही. मला तो खेळ वाटायचा. शाळेत नाव घालण्याआधी मला बत्तीसपर्यंत आकडे येत होते, ते असे. गुरुजींना वाटलं, पोरगी हुशार आहे.

करंजाखाली ती बसायची. चैत्रात त्याच झाडाखाली पांढऱ्या-गुलाबी फुलांचा सडा पडायचा. पण आत्या यायची ती कार्तिकात, झाड शेंगांनी जड आणि मुकं असताना. एक लाडू ती बुंध्याशी ठेवायची, दुसरा माझ्या हातावर. मुंग्यांसाठी असेल, असं मी समजायचे. ती बोलायची नाही, रडायची नाही, हातसुद्धा जोडायची नाही. तळहात जमिनीवर पालथा टेकवून नुसती बसायची, तापलेलं पोर झोपलं का बघावं तशी. सावली विहिरीच्या विरुद्ध दिशेनं लांबत गेली की उठायची आणि म्हणायची, "चल शालन, गाडी चुकंल."

शालन माझं नाव. कॉलेजात सगळ्या प्रियांका आणि स्नेहल, नि त्यांच्यात मी एकटी शालन. पोरींनी काय कमी छळलं! बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, तिनं हे जुनाट नाव ठेवलं म्हणून मी तिच्यावर कित्येक वर्षं मनातून चिडून होते. शहाणीच होते मी.

अवसरीला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अण्णांनी आत्याला घोडेगावला बोलावून घेतलं, हक्कसोडीच्या सहीसाठी. वडिलांच्या जमिनीत लेकीचाही हिस्सा असतो, आणि आमच्याकडे लेकी तो भावाला सोडून देतात. कचेरीत जाऊन, सही करून, राजीखुशीनं. हा शब्द कागदावर असतोच, 'राजीखुशीनं', आणि त्या शब्दाचा मला आज इतका संताप येतो की दात शिवशिवतात. जी सोडत नाही तिला माहेर उरत नाही, हे मात्र कुठल्या कागदावर नसतं, तरी प्रत्येक बहिणीला पाठ असतं. आत्याला अक्षरओळख सहीपुरती. म्हणून तो कागद तिला वाचून दाखवायला शिकलेली भाची नेली होती.

मी वाचला. चतुःसीमा, गट नंबर, यापुढे माझा वा माझ्या वारसांचा कसलाही हक्क राहणार नाही, वगैरे सगळं खणखणीत आवाजात. ऐकून झाल्यावर आत्या अण्णांना म्हणाली, "बाळू, सगळं तुझं. तेवढ्या करंजाला हात लावू नको."

"न्हाई लावत अक्का. तुझी शप्पथ," अण्णा म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

मी आपली कायद्याची जाणकार असल्यासारखी बोलले, "आत्या, मग तसं लिहून घेऊ या ना यात. एक ओळ वाढवायची फक्त."

त्यावर ती हसली. तिचं हसणं दुर्मिळ होतं. वरचा ओठ किंचित उचलला जायचा आणि डोळे एकदम पोरकट व्हायचे. "भावाकडनं काय लिहून घ्यायचं ग येडे!" म्हणाली, आणि मोठमोठ्या वाकड्या अक्षरांत सही करून मोकळी झाली. ती एक ओळ मी तरीही हट्टानं घालायला हवी होती. पण त्या दिवशी दुपारचं प्रॅक्टिकल होतं आणि मला घाई होती.

रात्री आईला सहज विचारलं, करंजाचं एवढं काय? आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग तिनं सासूकडून ऐकलेलं सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी, या रीतीनं आत्या एकोणिसाव्या वर्षी आमच्या घरी आली होती. मुलगी झाली. अकराव्या दिवशी गेली. बारावा दिवस उजाडला असता तर बारसं झालं असतं. नाव आत्यानं मनात ठरवून ठेवलं होतं, शालन. एवढ्या लहान लेकराला अग्नी देत नाहीत, पुरतात. आत्या बाळंतिणीच्या खोलीत, बाईमाणसानं जायचं नसतं. तेव्हा आजोबांनीच ते करंजाखाली नेलं, आणि मागून कुदळ घेऊन गेले होते दहा वर्षांचे अण्णा. परत आल्यावर आजोबांनी दाराआडून लेकीला एवढंच सांगितलं होतं, विहिरीपासून बत्तीस पावलं. सव्वा महिन्यानंतर उंबरा ओलांडला तो तिनं त्या मोजणीसाठीच. आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, तुझ्या आत्याला विचारू बिचारू नको हां यातलं काही. मी कशाला विचारते! माझं नाव मला त्या दिवसापासून उसनं वाटायला लागलं.

पुढे रान विकलं गेलं. त्यात वावगं काही नव्हतं म्हणा. अण्णा थकले, मी पुण्यात नोकरीला, करणारं कोण? पुण्याच्याच कुणा माणसानं घेतलं, मोठी सहलीची बाग करायची म्हणून. अण्णांनी घरच्या ग्रुपवर जेसीबीचा फोटो टाकला, 'काम सुरू'. मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते, अंगठ्याची खूण टाकून मोकळी झाले. फोटोत झाड होतं की नव्हतं, ते बघितलंसुद्धा नाही. त्यानंतरच्या तीन भाऊबिजांना आत्या आली, लाडू पदराला बांधले आणि दर वेळी अण्णा म्हणाले, काम चालू आहे, आत सोडत नाहीत अक्का. ती गाठ तशीच घेऊन ती पिंपरी पेंढारला परत गेली.

गेल्या दिवाळीत बाग सुरू झाली होती. ओवाळून झाल्यावर अण्णांनी तबकात काही टाकलं नाही, मिश्कील हसले. "अक्का, यंदा ओवाळणीत लुगडं न्हाई. उद्या तुला बाग दाखवतो. आपलीच हाय म्हण की!" आत्याच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं त्याला उजेड म्हणण्यावाचून मला दुसरा शब्द नाही. ती मुक्कामाला राहिली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा राहिली. सकाळी माझ्या मनूची वेणी घालताना ती काहीतरी गुणगुणत होती. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी ती झटकून टाकली, कारण झाड असेलच, शप्पथ घेतली होती ना, असं मलाही मानायचं होतं.

बागेची कमान दोन मजली. तिथे सगळ्यांच्या मनगटाला कागदी पट्टे बांधले. आत्याच्या हिरव्या बांगड्यांना लागून एक निळा पट्टा. अण्णा पहारेकऱ्याला सांगत होते, आपलंच रान हे, मालक वळखतात आपल्याला. तो बरं बरं म्हणत आमच्या पिशव्या उपसत होता. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, असा नियम. लाडवांचा डबा त्यानं काढून बाजूला ठेवला. आत्यानं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. कमानीतून आत पाऊल टाकण्याआधी ती सवयीनं वाकली, चपला काढल्या, तळव्याला तळवा मारला. टप्, टप्. फरशीवर धूळ पडली नाही.

"मावशी, चपला घाला की. इथं देऊळ न्हाई," पहारेकरी म्हणाला. वाईट बोलला नाही, आपला हसत म्हणाला. आत्यानं मुकाट्यानं घातल्या. माहेरच्या रानात ती जन्मात पहिल्यांदा चपला घालून शिरली, आणि पदराला लाडू चोरून बांधून.

आमचं रान तीन टप्प्यांचं होतं, विहिरीकडून ओढ्याकडे उतरत जाणारं. ते सगळं आधी सपाट केलं होतं आणि मग त्याच सपाटीवर सिमेंटच्या टेकड्या उभ्या केल्या होत्या. कातरून हत्ती बनवलेली झुडपं, कुठून कुठून उपटून आणलेले ताड, दगडांत लपवलेल्या स्पीकरमधून चाललेली गाणी, आणि जिकडेतिकडे लहान मुलं. आनंदानं बेभान झालेली, घसरगुंड्यांवरून कोसळणारी, कारंज्याखाली भिजणारी. माझी दोघंही, आठ वर्षांचा ओम आणि पाच वर्षांची मनू, हात सोडून पळाली. मुलांचा काय दोष? जागा सुंदरच होती. तिच्या सौंदर्यात कुठे बोट घालायला फट नव्हती, आणि त्यानंच माझा जीव घुसमटत होता.

विहीर ठेवली होती. तिच्यावर जाळी, भोवती रंगीत दिवे, आणि शोभेचा एक रहाट, ज्याच्या बादलीत प्लास्टिकची फुलं. फोटो काढून घेणाऱ्यांची रांग लागली होती. आत्या रांगेतून वाट काढत काठापर्यंत गेली, रंग दिलेले दगड चाचपत राहिली, आणि तिचा अंगठा एका खाचेत बसला. मग तिनं पूर्वेला पाहिलं. पूर्वेला मोठं गोल हिरवंगार लॉन होतं आणि त्याच्यावर आभाळ, मध्ये काही नाही.

"बाळू," ती म्हणाली, "करंज कुठंय रं?"

अण्णा मुलांचा फोटो घेत होते. "कंचा करंज?" त्यांनी मोबाइलवरची नजर न काढता विचारलं. मग आपणच म्हणाले, "अगं, ती जुनी झाडं काढली समदी. बदल्यात नवी किती लावल्यात बघ. फॉरेनची!"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. तिथे लबाडी शोधत होते. सापडली असती तर तिथल्या तिथे चारचौघांत भांडले असते, मन तरी मोकळं झालं असतं. नव्हती हो. ते विसरले होते. कुदळ खांद्यावर घेतलेला दहा वर्षांचा पोरगा, घोडेगावच्या कचेरीतली शप्पथ, सगळं त्यांच्यातून असं निघून गेलं होतं की पुसल्याचा ओरखडासुद्धा मागे नव्हता. माझा बाप चांगला माणूस आहे. हे असं लिहितानाही माझा हात कडू होतो.

आत्यानं खाचेतून अंगठा काढला आणि पूर्वेकडे चालू लागली, ओठ हलवत. ओम आणि मनू तिला बिलगली आणि खेळच समजून ओम मोठमोठ्यानं मोजायला लागला, त्याच्यामागून मनू नुसती ओरडायला लागली. तीस, एकतीस, बत्तीस! तिची पावलं थांबली ती लॉनच्या अलीकडेच, फरसबंद वाटेवर, सशाच्या तोंडाच्या एका कचराकुंडीपाशी. ती त्या सशाकडे पाहत राहिली. मग स्वतःच्या पायांकडे.

"हितं न्हाई," ती पुटपुटली. "तवा माझी पावलं लांब व्हती."

इतकी वर्षं झाड होतं, म्हणून पावलं आखूड होत गेलेली कुणाला कळली नव्हती. बत्तिसाची चाळीस झाली असतील, पंचेचाळीस. झाड आलं की ती थांबत होती. आता थांबवणारं काही उरलं नव्हतं. ती माघारी विहिरीपाशी गेली, पुन्हा खाचेवर हात ठेवला, आणि मला म्हणाली, "शालन, तू चाल. तू माझ्यावानीच टाकतीस पाऊल."

मी सँडल काढले. हक्क सोडताना वाचायला डोळे माझे होते, आता मोजायला पाय माझे. फरशी उन्हानं तापली होती, नंतर गवत लागलं, गार आणि मऊ. गवतावर जाऊ नये अशी पाटी ओलांडून मी चालत राहिले. बत्तिसाव्याला लॉनच्या अगदी मधोमध उभी राहिले आणि वळून पाहिलं. विहिरीपाशी आत्या ताठ उभी होती, डोळ्यांवर हात धरून, माझ्याकडे बघत. आणि त्या क्षणी ती कुणाकडे बघते आहे हे माझं मला कळेना.

ती आली. लॉनच्या कडेला चपला काढल्या, हातात धरल्या, पण आपटल्या नाहीत. माझ्या पायांशी बसली. गवतात बोट खुपसून चिमूटभर माती वर काढली; तांबडी, ट्रकनं आणून पसरलेली. "आपली न्हाई ही," ती म्हणाली आणि बोट पदराला पुसलं. मग गाठ सोडली. लाडवांचा चुरा झाला होता, एकच अर्धा धड उरला होता. चुरा तिनं मुलांच्या हातांवर घातला आणि तो अर्धा गवतावर ठेवून शेजारी तळहात पालथा टेकवला.

"आजी, हा कुणाला?" मनूनं विचारलं.

"तुझ्या मावशीला."

मनूनं चारी बाजूंना मान फिरवून नीट पाहिलं. "पण दिसत नाही," ती म्हणाली.

तेवढ्यात शिट्टी वाजली. पहारेकरी हात हलवत येत होता. "ओ ताई, मावशी! लॉनवर न्हाई बसायचं! पाटी दिसंना का?" त्याच्या मागून अण्णा धापा टाकत. "अक्का, ऊठ ना. काय हे! लोकं बघत्यात."

माझ्या तोंडात सगळं तयार होतं. एकेक शब्द दगडासारखा उचललेला. पण आत्यानं उठण्यासाठी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि तो हात जरा जास्तच दाबला. "नको," ती माझ्यापुरतं बोलली. "पोर व्हता तो. इसरला तर इसरू दे." मग पहारेकऱ्याला म्हणाली, "उठले बाबा. बसू दिलं एवढं लई झालं." आम्ही वाटेवर आलो तेव्हा झाडूवाली बाई लॉनवर गेली, तो अर्धा लाडू सुपलीत घेतला आणि सशाच्या तोंडात टाकला. तिचं ते कामच होतं.

परतताना गाडीत अण्णांनी उत्साहानं विचारलं, "कशी वाटली बाग?" आत्या म्हणाली, "चांगली हाय. पोरं खेळली." चपला तिनं पायात घातल्याच नव्हत्या, मांडीवर घेऊन बसली होती, आणि मनगटावरचा निळा पट्टा तसाच. एसटीच्या खिडकीतून तिनं हात हलवला तेव्हाही तो दिसत होता.

यंदा भाऊबीजेला आत्या आली नाही. गुडघं लई दुखत्यात, असा फोन आला. अण्णांनी दुपारपर्यंत पाट मांडून ठेवला, रांगोळी वाऱ्यानं विस्कटली, निरांजनातली वात कोरडीच राहिली. "गाडी पाठवतो म्हणलं तरी नको म्हणाली. असं कसं गं शालन? अक्का कधी चुकली न्हाई," ते मला विचारत राहिले, पाट उचलावा की राहू द्यावा, हे न कळणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडानं. मी भाजी चिरत राहिले. जमीन सोडली ती तिनं माहेर राहावं म्हणून. आता माहेरही सोडलं, आणि या वेळी कागद नव्हता, वाचून दाखवायला मी नव्हते, राजीखुशीनं असं कुणी लिहिलं नव्हतं. अण्णांना सांगितलं तर त्यांचं उरलेलं आयुष्य नासेल, न सांगितलं तर माझं. आत्याचा हात अजून माझ्या खांद्यावर आहे, म्हणून मी गप्प आहे.

काळ अंतराला हात लावत नाही. विहिरीपासून ती जागा आजही तेवढीच दूर आहे, पूर्वेला, परक्या मातीखाली. तो फक्त खूण काढून नेतो आणि आपली पावलं आखूड करत राहतो. कधीतरी माझीही बत्तीस पावलं त्या सशापाशीच संपतील. मनूला मी आता बत्तीसपर्यंत मोजायला शिकवलंय, पण मोजत मोजत जायचं कुणाकडे, हे विचारील तेव्हा तिला सांगायला माझ्याकडे नाव एकच आहे, आणि ते माझं आहे.